पेनड्राइव्ह आता आपोआप लागतो

३ फेब्रुवारी, सोमवार

विचारलंसुद्धा नाही! अकरा वर्षं त्या मशीनसमोर मी बसले, आणि काल दुकान बंद असताना येऊन धाकट्या जावेनं मशीनच्या पोटात हात घातला. सकाळी मी शटर वर केलं, मशीन चालू केलं, पहिलं गिऱ्हाईक आलं. नोकरीचा अर्ज छापायचा होता. मी पेनड्राइव्ह खोचला, कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडायला बोट उचललं, तोवर पडद्यावर फोल्डर उघडून बसलेलं! आपोआप! मी काही म्हणजे काही केलं नव्हतं.

मला वाटलं मशीन बिघडलं. ह्यांना हाक मारली. "अहो, हे बघा, स्वतःच उघडतंय!" हे कटिंग मशीनवर कागद कापत होते. मान वर न करता म्हणाले, "धाकटीनं केलंय. बरं झालं की. तुझा त्रास वाचला."

त्रास! मी कधी म्हटलं होतं त्रास होतो म्हणून?

गिऱ्हाईक उभं होतं. अर्ज छापला. हात असे मोकळे मोकळे वाटत होते, हातातलं लाटणं कोणी काढून घेतल्यासारखे.

धाकटी अकरा वाजता आली. म्हणाली, "ताई, बघितलंत? आता कमांड टाइप करायला नको. खोचला की लागला!" एवढी खूश, जसं काही मला दागिना घडवून आणलाय.

मी म्हटलं, "बघितलं."

कानामागून आली आणि तिखट झाली.


४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. ती माझी लिहायची वेळ. हे मागे आडवे होतात, भाऊजी ऑर्डरी आणायला बाहेर, धाकटी जेवायला घरी.

हे लिहायची सवय मशीनवाल्यानं लावली. जुना मेकॅनिक, मोठी दाढी, तोंडात कायम बडीशेप. आमच्या मशीनवर आधी दुसरं काहीतरी होतं. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरायचा आणि पंधरा दिवसाला मशीन आडवं. मग त्यानं लिनक्स घातलं. म्हणाला, "वहिनी, हे मशीन स्वतःहून कोणाला घरात घेणार नाही. तुम्ही सांगाल तेव्हाच दार उघडेल." भाऊजींना दोनदा शिकवलं, त्यांना कंटाळा. ह्यांची बोटं जाडी, एका बोटाखाली दोन अक्षरं. राहिले मी. सहावीत शाळा सुटलेली. इंग्रजी अक्षरं ओळखायचे, पण शब्द नाही. मी त्या कमांडी अशा पाठ केल्या जसा लहानपणी पाढा. आधी यादी मागवायची. यादीत जे एसडीए, ते मशीनचं काळीज, त्याला शिवायचं नाही. एसडीबी ते गिऱ्हाइकाचं. मग सुडो म्हणजे मालकाचा हुकूम, मग माउंट म्हणजे लाव, मग त्याचं नाव, मग कुठे लावायचा ती जागा, मग पासवर्ड. काम झालं की उतरवायचा. न उतरवता कधी ओढायचा नाही. मशीन पडद्यावर झालं म्हणतं, पण आत त्याचं लिहिणं चालूच असतं. उतरव म्हटलं की मगच ते उरलेलं सगळं लिहितं आणि हात सोडतं. हे मशीनवाल्यानं मला दहा वेळा बजावलं.

तो म्हणाला रोज चार ओळी टाइप करा, बोटं सुटतील. काय टाइप करू? मनात येईल ते. मग मी करत गेले. घरात कागदावर काही लिहून ठेवलं तर संध्याकाळी त्यावर कोणीतरी कांदा चिरलेला असतो. हे पेनड्राइव्हमध्ये राहतं. गळ्यातल्या दोऱ्याला असतो. नाव मीच घातलंय, इंग्रजी अक्षरात — हातलावूनका. सलग. मशीन अकराच अक्षरं घेतं, बरोब्बर बसली.

आणि ह्या दुकानात पेनड्राइव्ह लावता येणारी मी एकटी होते. म्हणजे कुलूपही माझं, किल्लीही माझी.

आता माझासुद्धा आपोआप उघडतो. मला विचारतसुद्धा नाही.


६ फेब्रुवारी, गुरुवार

आज चौदा पेनड्राइव्ह लागले. माझ्या हाताचा एकही नाही. खोचायला काय, माकड पण खोचेल.


७ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटी बाजूला खुर्ची ओढून बसली. "ताई, पेनड्राइव्ह आपोआप लागायचा जो नियम मशीनला घातलाय ना, त्यात मी अजून एक गोष्ट घातलीय. ऐका ना, तुम्हाला माहीत असायला हवी. पेनड्राइव्ह लागला ना, की मग —" असं काय काय सांगत राहिली. मी पंख्याकडे बघत होते. हं, हं, करत होते. एक अक्षर कानात घेतलं नाही. आपल्याच घरात आपल्याला पाहुणचार करतात तसं वाटत होतं. शेवटी तीच थकली. "असू दे, मी काउंटरवर लिहून चिकटवते."

चिकटवलं पण. गोल गोल अक्षर, छापल्यासारखं. मी वाचलं नाही. माझ्या काउंटरवर मला पाटी वाचायची गरज नाही.

अक्षर मात्र सुंदर आहे. देवानं एकेकीला किती द्यावं! रंग, अक्षर, शिक्षण, आणि वर कोणी ओरडलं तरी चेहरा न बिघडायची कला. मला कोणी काही बोललं की माझं नाक लाल होतं, लांबून दिसतं.


१० फेब्रुवारी, सोमवार

पक्षीवाले काका आले होते. निवृत्त पोस्टमास्तर. गेली नऊ वर्षं आमच्या गावाबाहेरच्या तळ्यावर जाऊन कोणता पक्षी कधी आला, कधी गेला ते लिहून ठेवतात. फोटो, नोंदी सगळं एका पेनड्राइव्हमध्ये. आता त्याचं पुस्तक करायचंय, तीनशे प्रती, आमच्याकडेच. भाऊजींना एवढी मोठी ऑर्डर वर्षभरात नव्हती.

काका नेहमी माझ्याकडे यायचे. "काय मावशी, लावा आमचं पाखरू मशीनला!" हा त्यांचा ठरलेला विनोद, आणि मी ठरलेलं हसायचे. स्वतः सत्तरीचे, मला मावशी म्हणतात. असो. आज आले ते सरळ तिच्याकडे. "मॅडम, पानं जुळवायची आहेत."

ती मॅडम. मी मावशी. ती सव्वीस, मी सत्तेचाळीस, मान्य. पण मॅडम आणि मावशीत वयाचं अंतर नसतं, खुर्चीचं असतं.


११ फेब्रुवारी, मंगळवार

रात्री जेवताना भाऊजींनी सांगितलं. दुकानाच्या जागेचा करार संपतोय, मालक वाढवून देत नाही. एक मार्चपासून नवीन जागा. ह्या जागेच्या निम्मी. कटिंग, एक झेरॉक्स आणि एक कॉम्प्युटर, बस. एक खुर्ची.

"दोघी नाही मावणार," भाऊजी म्हणाले. "एकीनं घर बघायचं. दोन वर्षं तरी."

सगळे ताटाकडे बघत होते. मी विचारलं, "कोण?"

"बघू ना वहिनी. चोवीस तारखेच्या आत ठरवू."

नंतर मी ह्यांना विचारलं, तुमचं काय म्हणणं? हे म्हणाले, "माझं काय! काम होणं महत्त्वाचं." मग दिवा मालवताना म्हणाले, "शिकलेली बाई ती शिकलेलीच, हे तर तूही मानशील."

मी मानत नाही.


१२ फेब्रुवारी, बुधवार

हिशोब करून बघितला. घरी बसायचं म्हणजे काय? सकाळी डबे, मग कपडे, मग चार भिंती, मग संध्याकाळी हे चौघं दुकानातून येऊन दुकानातल्या गोष्टी बोलणार — चौघं नव्हे, तिघं — आणि मी वाढत राहणार. "काय झालं?" विचारलं तर म्हणणार, तुला नाही कळायचं.

अकरा वर्षांपूर्वी मी तशीच होते. मग ती काळी खिडकी शिकले. तेव्हापासून ह्या घरात माझ्या बोलण्याला लोक थांबायला लागले. भाऊजी आधी मला अगं वहिनी म्हणायचे, मग नुसतं वहिनी. हे कोणाला सांगून पटणार नाही.

मी घरी बसणार नाही. मग तिला बसावं लागेल.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

एक विचित्र झालं. कॉलेजची पोरगी आली, म्हणाली, "मावशी, दोन्ही बाजूंनी छापा." धाकटी पटकन म्हणाली, "मावशी नाही गं, ताई म्हण. ह्या दुकानातल्या मुख्य आहेत."

मला वर चढवते! दया करते! नवीन जागा मिळणार म्हणून आतापासून मन मोठं. जिंकणाऱ्याला काय जातं मोठ्या मनाचं.


१७ फेब्रुवारी, सोमवार

लिहिते. इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे सांगणार.

सकाळी काका आले होते. पुस्तकाची सगळी पानं जुळवून झाली होती, धाकटीनं ती त्यांच्या पेनड्राइव्हवर घातली. त्यांना घरी एकदा नजरेखालून घालायची होती. मोठी फाइल, फोटोंनी भरलेली. पडद्यावरची हिरवी पट्टी भरली, झालं म्हणाली. तेवढ्यात धाकटीला फोन आला. तिच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललेलं होतं, ते अचानक उद्यावर आलं. ती फोन घेऊन बाहेर पायरीवर गेली.

काकांनी मला विचारलं, "झालं का हो?"

पडद्यावर झालं होतं. पण पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता. तांबडा, भराभरा. आत लिहिणं चालू होतं. अकरा वर्षांत मला तो दिवा ओळखता येत नाही असं कोणी म्हणावं!

मी म्हटलं, "झालं." आणि ओढला. आणि त्यांच्या हातात दिला.

कोण म्हणेल माझं चुकलं? तिनंच तर सांगितलंय, आता काही टाइप करायला नको, सगळं आपोआप. बिघडलं तर आपोआपचं बिघडलं.

ओढताना बोटाला तो गरम लागला.


१८ फेब्रुवारी, मंगळवार

काका सकाळी शटर उघडायच्या आधीच पायरीवर. पेनड्राइव्ह त्यांच्या घरच्या मशीनवर रिकामा दाखवतोय. जुळवलेली पानं आमच्या मशीनमध्ये तरी आहेत, पण त्यात निवडक नोंदीच; मूळ जुनं सगळं गेलं. नऊ वर्षं.

"दुसरीकडे कुठे ठेवलं नव्हतं?" भाऊजींनी विचारलं.

"वह्या होत्या. टाइप झाल्यावर रद्दीत दिल्या," काका म्हणाले. "घरात जागा नाही म्हणून सूनबाई म्हणाली."

मग बाकावर बसले. चहा दिला तो तसाच ठेवला, वर साय धरली. ओरडले असते तर बरं झालं असतं. मधेच म्हणाले, "एक करकोचा होता, पायानं लंगडा. सहा वर्षं यायचा. त्याच्या तारखा होत्या." एवढंच.

धाकटी कालच संध्याकाळच्या गाडीनं माहेरी गेली. तिचा फोन बंद, दवाखान्यात असेल. भाऊजींनी पेनड्राइव्ह माझ्यापुढे ठेवला. "वहिनी, तुम्ही बघा. तुमच्या जुन्या पद्धतीनं लावून बघा." अशा आशेनं म्हणाले! पंधरा दिवसांत पहिल्यांदा कोणाला माझी जुनी पद्धत आठवली. मी काळी खिडकी उघडली. यादी मागवली. एसडीबी दिसलं. माउंट म्हटलं, मशीन नाही म्हणालं. परत म्हटलं. परत नाही.

ज्या क्षणाची मी वाट बघत होते तो आला आणि माझ्याच हातानं त्याला काळं फासलेलं.

भाऊजी बाहेर जाऊन आले. म्हणाले, "काकांनी बाजारात चार जणांना सांगितलंय. आपल्याकडे पेनड्राइव्ह लावू नका म्हणून." मग हळूच — "धाकटीचं हे आपोआप प्रकरण अंगाशी आलं."

मला गोड वाटायला हवं होतं. वाटलं. खोटं कशाला लिहू. पण थोडाच वेळ.


१९ फेब्रुवारी, बुधवार

काका आजही आले. काही काम नव्हतं. बाकावर बसून गेले.


२० फेब्रुवारी, गुरुवार

धाकटी परत आली. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, भाऊजींनी पायरीवरच सुनावलं. ती म्हणाली, "अहो पण काही गेलं नाहीये! प्रत आहे ना!"

"कसली प्रत?"

"नियमात घातलीय मी. पेनड्राइव्ह लागला की मशीन आतलं सगळं उतरवून घेतं. पंधरा दिवस ठेवतं, मग पुसतं. काउंटरवर लिहून चिकटवलंय की. ताईंना सांगितलं होतं मी."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "माझ्या लक्षात नाही राहिलं."

काकांना बोलावून आणलं. मशीनभोवती आम्ही सगळे — हे, भाऊजी, काका, मी. तिनं तो फोल्डर उघडला. मोठी यादी. ज्याचा पेनड्राइव्ह त्याचं नाव, पुढे तारखा. आणि त्या यादीत, काकांच्या दोन ओळी वर —

हातलावूनका.

अठरा तारीख. एकोणीस तारीख. खाली खाली मागच्या सगळ्या.

मी गळ्यातला दोरा पदराखाली घेतला. कोणाचं लक्ष नव्हतं, सगळे काकांचं नाव शोधत होते. पण तिची नजर त्या ओळीवर आली आणि तव्याला बोट लागल्यासारखी उचलली गेली. नवीन काही दिसलं तर माणूस थांबतो. ती थांबली नाही. म्हणजे तिला ठाऊक होतं ते काय आहे.

काकांचं सगळं मिळालं. सोमवारी लावला तेव्हाच मशीननं उतरवून घेतलं होतं. नऊ वर्षं, लंगडा करकोचा, सगळं. काका रडले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. हे पण डोळे पुसत होते, ज्यांनी स्वतःच्या बहिणीच्या पाठवणीत डोळे पुसले नव्हते!

माझ्या पापाचा उतारासुद्धा तिच्याच हातचा. केवढं नशीब घेऊन येतात एकेकी.


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कालचं आणि हे, दोन्ही कागदावर लिहितेय. वाया गेलेल्या पानांच्या मागच्या बाजूला. किती दिवसांनी पेन धरलं, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. पेनड्राइव्ह मशीनला लावायचा नाही असं ठरवलंय.

दुपारी एकटी होते तेव्हा बघितलं. मशीनमध्ये अलीकडे कोणत्या फाइली उघडल्या त्याची यादी मिळते, एवढं मला येतं. माझी फाइल तिथे होती. माझ्या पेनड्राइव्हवरची नाही. तिच्या प्रतींच्या फोल्डरमधली. बारा तारखेला उघडलेली. आणि काल संध्याकाळी, मी घरी गेल्यावर.

बारा. तेरा तारखेला ती म्हणाली, मावशी नाही, ताई म्हण. दया नव्हती ती! वाचलं होतं!

म्हणजे तिला तिच्या रंगाचं ठाऊक, अक्षराचं ठाऊक, नाक लाल होतं ते ठाऊक. काळी खिडकी, ह्यांचं बोलणं, सगळं. आणि काल संध्याकाळी सतरा तारीख पण वाचली असणार. झालं म्हटलं आणि ओढला. माझ्याच शब्दांत, माझ्याच हातानं टाइप केलेलं. एवढी साक्ष तर कोर्टातसुद्धा कोणी आयती आणून देत नाही.

तिनं मला सांगितलं होतं. सात तारखेला शेजारी बसून. मी पंख्याकडे बघत होते.

तो फोल्डर मला पुसता आला असता. पुसायची कमांड येते. बोटं ठेवली होती. पण तिनं वाचलेलं कसं पुसू?

रविवारी बसायचं ठरलंय, खुर्चीचं ठरवायला. दोन दिवस आहेत. काल रात्रीपासून ती माझ्याशी नेहमीसारखी बोलते. मीठ द्या ताई, टॉवेल वाळत घाला ताई. मांजर उंदराशी असंच नेहमीसारखं बोलत असेल.


२३ फेब्रुवारी, रविवार

हे पण कागदावर.

सकाळी चहा झाल्यावर बसलो. मी तयारीनंच बसले होते. ती काढणार, मग मी काय म्हणणार ते तीन प्रकारे घोकलं होतं. पहिलं, माझं खाजगी वाचायचा तुला काय हक्क. दुसरं, आपोआप केलंस तिथेच चूक. तिसऱ्यात नुसतं रडायचं होतं.

भाऊजींनी सुरुवात केली. "पेनड्राइव्हमधलं सगळं मिळालं हे खरं, पण तीन दिवस आपलं नाव बाजारात खराब झालं. हे झालं कसं? सोमवारी काढला कोणी?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते देव जाणे.

धाकटी म्हणाली, "चूक माझी. पेनड्राइव्हवर लगेच लिही, मागे ठेवू नको, असं मशीनला सांगून ठेवता येतं. मी ते नियमात घातलंच नाही. पट्टी भरली की कोणालाही वाटणार झालं म्हणून. ताईंनी तेच केलं. कोणीही केलं असतं."

कोणीही! भाऊजी माझ्याकडे वळले, "वहिनी, तुमच्या जुन्या पद्धतीत असं झालं असतं?"

मी म्हटलं, "नाही."

खरंच नसतं झालं. ह्या सगळ्यात मी बोललेलं तेवढंच खरं.

भाऊजींनी रिकामा कप बशीवर ठेवला. मग म्हणाले, "मग नवीन जागेत वहिनीच बसू देत. गिऱ्हाइकाला भरवसा हवा." हे म्हणाले, "तेच बरं." परवापर्यंत शिकलेली ती शिकलेलीच होती!

आणि ती काय करत होती? कप गोळा करत होती. एक थेंब सांडला नाही. चेहरा तसाच.

खुर्ची मला मिळाली.


२४ फेब्रुवारी, सोमवार

कागदावर.

सगळे तिचंच कौतुक करतात! हे सकाळी म्हणाले, "चूक कबूल करायला काळीज लागतं. अशी माणसं राहिली नाहीत." काका आले, तिच्यासाठी पुस्तकाच्या पहिल्या पानावर आभार लिहून आणलेत. नाव घालून. मला म्हणाले, "मावशी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुमचा काय दोष." भाऊजी तिला बाहेर फिरायला घेऊन गेले, बिचारीनं मन मारलं म्हणून.

खुर्ची माझ्याकडे आणि मोठेपणा तिच्याकडे. ह्याला वाटणी म्हणतात?

तिनं मला पकडून दिलं असतं तर मी तिचा राग करू शकले असते. जन्मभर केला असता, सुखानं. आता कशाचा करू? रागाची सुद्धा वाट बंद करून टाकली बाईनं. आणि मी आजसुद्धा तिच्यावर जळते. आता तिच्या खोटं बोलण्यावर जळते. मला असं खोटं बोलता आलं नसतं, कोणासाठी.

नवीन जागेच्या शटरची किल्ली भाऊजींनी माझ्या हातात दिली. दिवसभर पदराच्या गाठीत होती. तीनदा सोडून बघितली, परत बांधली.


२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून कागदांवरचं सगळं इथे टाइप केलं. एक शब्द गाळला नाही. हे मी पेनड्राइव्हवर जपून ठेवणार, नीट उतरवणार, आणि उद्या सकाळी बरोबर दहा वाजता परत मशीनला लावणार. मशीन त्याची प्रत घेईल. घेऊ दे.

तू वाचशील. वाचतेसच. मग वाच.

मी ओढला ते तुला माहीत होतं. का लपवलंस? तोंडावर विचारायला गेले तर तू गोड बोलशील आणि मी भांडेन, म्हणून इथे विचारते. इथे मी खोटं बोलत नाही, तूही बोलू नकोस. मशीनमधल्या त्या प्रतीत माझ्या ओळींच्या खाली तुझ्या ओळी लिही. तुला खुर्ची नकोच होती, की तुला माझी कीव आली? नको असेल तर तसं लिही, मी बसते आणि नियमातलं ते राहिलेलं तू मला शिकव, ह्या वेळी पंख्याकडे बघणार नाही. पण कीव असेल तर तसंही लिही. किल्ली मी तुझ्या उशाशी ठेवेन, आणि काकांना आणि ह्या दोघा भावांना सगळं मी स्वतः सांगेन.

शुक्रवारी संध्याकाळी सामान हलणार. त्याच्या आत. त्याच दिवशी दुपारी दोन वाजता मी ती प्रत उघडून बघणार आहे.